तेरेखोलच्या पाण्यात

केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत उभी होते. पलीकडच्या काठावर, टेकडीच्या कपाळावर तेरेखोलचा किल्ला. मधली नदी इतकी अरुंद की तिकडच्या काठावरून कुणी मोठ्यानं हाक मारली तर इकडे ऐकू यावी. बरोबर नात होती, आठवीतली. तिच्या डोक्यात नुकतंच वाचलेलं ग्रीकांचं आरमार घोळत होतं. किल्ल्याकडे बघत ती मला म्हणाली, ‘‘आजी, सालामिसची लढाई अशाच चिंचोळ्या पाण्यात झाली. आपल्याकडे कुठं झाली का गं अशी?’’

मी म्हटलं, ‘‘तू जिथं बघतेयस ना, तिथंच झाली.’’

तिला खरं वाटेना. मैत्रिणींनो, तिचा दोष नाही. पेडण्या-डिचोलीकडच्या आपल्या बायकांनाही विचारलं तर देवळं माहीत असतात, जत्रा माहीत असतात, कुठल्या घरात कुठून सून आली ते तर तोंडपाठ असतं. पण आपल्या दारातल्या नदीत गलबतं लढली, माणसं बुडाली आणि त्यामुळं आपण कुठल्या राज्यात जायचं ते ठरलं, हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेखाचा घाट.

आधी नातीच्या सालामिसची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पुढं ती उपयोगी पडणार आहे. इसवी सनापूर्वी 483 च्या सुमाराला अथेन्सच्या लोकांना लॉरियमच्या खाणीत चांदीचा मोठा साठा सापडला. घरात अचानक पैसा आला की काय होतं? ‘वाटून टाका’ असंच सगळ्यांचं म्हणणं पडतं. तिथंही तसंच झालं. पण थेमिस्टोक्लीस नावाच्या पुढाऱ्यानं लोकांना समजावलं, की वाटू नका, जहाजं बांधा. तीन वर्षांनी इराणचा बादशहा झर्क्सीस अफाट सैन्य आणि आरमार घेऊन आला. अथेन्स शहर जळालं, पण शहरातली माणसं आधीच बाहेर काढलेली होती. सालामिस बेट आणि किनारा यांच्यामधल्या अरुंद पाण्यात इराणी जहाजांची इतकी दाटी झाली, की त्यांना वळताही येईना. थोड्या जहाजांनी पुष्कळ जहाजांची दाणादाण उडवली.

ती जहाजं वल्ह्यांची. एकावर एक अशा तीन रांगांत मिळून 170 वल्हेकरी, आणि नाळेला पितळेसारख्या धातूची धडक देणारी चोच. वल्हेकरी म्हणजे गुलाम, असं आपल्याला सिनेमे बघून वाटतं. अथेन्सचे बहुतेक वल्हेकरी स्वतंत्र, पण गरीब नागरिक होते. ज्यांच्याकडे घोडा नाही, चिलखत नाही, शेत नाही, असे. शहर त्यांच्या दंडांनी वाचलं, म्हणून शहराच्या कारभारात त्यांचा शब्द वाढला. हे ध्यानात ठेवा.

आता आपल्याकडे या. पेडणे तालुक्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी, दक्षिणेला शापोरा. दोन्ही सह्याद्रीतून येऊन समुद्राला मिळणाऱ्या, दोन्हींच्या मुखाशी किल्ले. तेरेखोलचा किल्ला सतराव्या शतकात वाडीच्या खेम सावंतांनी बांधला. जागा मोठी हुशारीनं निवडलेली. वरून समुद्र लांबवर दिसतो आणि खालचं पाणी मात्र आडोशाचं. सावंतवाडीकरांचा गलबतांचा ताफा याच नदीत आसऱ्याला असे. बाहेरचं जहाज दिसलं की सुटायचं आणि अंगावर आलं की आत शिरायचं.

आपली लढाऊ जहाजं मुख्यतः दोन प्रकारची. एक गुराब. दोन, क्वचित तीन डोलकाठ्यांची, दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांपर्यंत आणि तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत. तिची नाळ पुढं लांब आणि खाली झुकलेली, त्यावरच्या दोन तोफा थेट समोर मारा करत. दुसरं गलबत. ते लहान, सहसा सत्तर टनांच्या आतलं, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की युरोपियनांचं मोठं शिडाचं जहाज पाण्यात ओंडक्यासारखं पडून राही. मग ही गलबतं वल्हवत वल्हवत गुराबेला ओढून नेत. ती शत्रूच्या मागल्या बाजूला, जिथं त्याच्या तोफा कमी, तिथं गाठत. शिडं-दोर फाडून टाकायचे आणि मग माणसांनी भरलेली गलबतं चहूकडून भिडवायची. सालामिसच्या वल्ह्यांपासून कोकणच्या वल्ह्यांपर्यंत दोन हजार वर्षांचं अंतर, पण हिशेब एकच. पाणी उथळ आणि वाट अरुंद असेल, तर मोठेपणाचा उपयोग नसतो.

ही वल्ही कोण मारीत होतं? गाबीत, भंडारी, खारवी, कोळी, दालदी. किनाऱ्यावरची कष्टकरी माणसं. अथेन्सच्या वल्हेकऱ्याला निदान सभेत हात वर करायला मिळाला. आमच्या वल्हेकऱ्याचं नावसुद्धा बखरीत नाही.

पण भांडण कशाचं होतं? पोर्तुगीज 1510 साली गोव्यात आले, आणि समुद्र आपलाच असं धरून चालले. कुणाचंही व्यापारी जहाज जायचं असेल तर त्यानं त्यांचा परवाना घ्यायचा. त्या परवान्याला ‘कार्ताझ’ म्हणत. परवाना नसेल तर जहाज आणि माल जप्त. बघा हं, आपल्या अंगणातून आपणच जायचं आणि दारात बसलेल्या पाहुण्याला पट्टी द्यायची! शिवाजी महाराजांनी हे ओळखलं, म्हणून 1664 साली मालवणला सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि मराठ्यांचं आरमार उभं राहिलं. पुढं कान्होजी आंग्र्यांनीही ‘आमच्या किनाऱ्यावर आमचा परवाना’ असं बजावलं. परक्यांनी त्यांना चाचे म्हटलं. ज्याची वही, त्याचा हिशेब.

अथेन्सचंही असंच झालं हं. इराणपासून संरक्षण करायचं म्हणून बेटाबेटांकडून वर्गणी गोळा केली, आणि इसवी सनापूर्वी 454 मध्ये तो खजिना डेलॉस बेटावरून उचलून स्वतःच्या शहरात नेला. समुद्र राखणारा हळूहळू समुद्राचा मालक होतो. श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे, कुठल्या दिशेला किती जायचं याची स्वतःला घालून घेतलेली मर्यादा. लहानपणी मला ते फार जुनाट वाटे. आरमारांचा इतिहास वाचताना तितकं जुनाट वाटत नाही.

डिचोलीकडचा एक प्रसंग सांगते. डिचोली तालुक्यातलं नार्वे हे गाव मांडवीच्या पाण्याला लागून. दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी मोडल्यावर देव इथं आला, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ बांधायला लावलं. दारावरच्या शिलालेखात ते साल आहे. याच परिसरातून पुढं संभाजी महाराजांनी पोर्तुगीजांना पाणी दाखवलं. 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री, ओहोटीची वेळ साधून, मराठे जुव्याच्या बेटात घुसले आणि तिथला किल्ला त्यांनी घेतला. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द ताव्होरा स्वतः सैन्य घेऊन बेट सोडवायला आला, मार खाऊन जखमी होऊन परत गेला. शहरात इतका हाहाकार उडाला, की त्यानं सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि राज्य संताच्या हवाली केलं.

त्याचे प्राण वाचवले ते मोगलांनी. औरंगजेबाचा मुलगा शहाआलम मोठी फौज घेऊन घाट उतरतोय म्हटल्यावर संभाजी महाराजांना मागं फिरावं लागलं. 1684 च्या जानेवारीत मोगलांनी डिचोली जाळली-लुटली. तिथं संभाजी महाराजांचे आणि त्यांच्या आश्रयाला आलेल्या शहाजादा अकबराचे वाडे-बागा होत्या, त्या गेल्या. पण ही मोठी फौजही सुखानं परतली नाही. तिचा दाणागोटा समुद्रावरून जहाजांनी यायचा होता, तो वेळेवर पोचला नाही. उपासमार आणि रोगराईनं माणसं, जनावरं रामघाटात पटापट मेली. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. शेवटी लढाई कोठीघरात ठरते, आणि तेव्हाचं कोठीघर समुद्रावर होतं.

आता तेरेखोल. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्याच वर्षी वाडीकर सावंतांनी बारदेश व्यापला. आग्वाद आणि रेईश मागूशसारखे किल्ले तेवढे पोर्तुगीजांकडे उरले. गोवा आता जातंय असं वाटत होतं. पण लिस्बनहून कुमक आली, आणि 1744 मध्ये पेद्रु मिगेल द आल्मैदा हा खंबीर व्हाइसरॉय आला. वाडीला तेव्हा गादीवर तरुण रामचंद्र सावंत, कारभार चुलते जयराम सावंत पाहत.

5 मे 1746 रोजी व्हाइसरॉयनं पेडण्यातला हळर्णचा किल्ला घेतला. मग पावसाळा आला. कोकणात पावसाळा म्हणजे समुद्राला कुलूप. गलबतं किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवायची. दोन्ही बाजूंनी नारळीपौर्णिमेची, मग वारा धरण्याची वाट पाहायची. 16 नोव्हेंबरला पोर्तुगीज आरमार आलं आणि नदीत शिरलं. सावंतांची गलबतं तिथंच होती.

लढाई फार निकराची झाली, आणि सावंतांच्या आरमाराचा पूर्ण पराभव झाला. सालामिसला अरुंद पाण्यानं घरच्यांना वाचवलं होतं. इथं तेच पाणी सापळा झालं. खुल्या समुद्रात गलबताला पळायला वाव असतो. मुखाशी शत्रू उभा राहिल्यावर आसऱ्याची नदी म्हणजे बंद खोली. त्यानंतर किनाऱ्यावर काही चकमकी झाल्या, आणि 23 नोव्हेंबरला किल्ला पडला. सगळा मिळून आठवडा. पण हा आठवडा 215 वर्षं पुरला. मध्ये 1794 च्या सुमाराचा थोडा काळ सोडला, तर तेरेखोल 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिलं. म्हणून आजही नदीच्या उत्तर काठावरचं, महाराष्ट्राला चिकटलेलं एवढंसं गाव गोव्यात आहे, आणि तिथल्या माणसाला आपल्याच तालुक्यात यायला फेरीबोट धरावी लागते.

नात म्हणाली, ‘‘मग बाकीचे मराठे मदतीला का नाही आले?’’

मुलं नको तिथं बरोबर बोट ठेवतात. कारण बाकीचे मराठे एकमेकांत गुंतले होते. वाडीचे सावंत आणि आंग्रे यांचं हाडवैर. 1730 सालीच फोंड सावंतांनी कान्होजींच्या मुलांविरुद्ध मुंबईच्या इंग्रजांशी तह केला होता. कोल्हापूरकर आणि सावंत यांचं तर पिढीजात. मालवणचं कोल्हापूरकरांचं आरमार, तेरेखोल-वेंगुर्ल्याचं सावंतांचं, विजयदुर्गाचं आंग्र्यांचं. भाषा एक, देव एक, किनारा एक, आणि तरी एकाचं जहाज बुडालं की शेजाऱ्याला बरं वाटायचं. फेब्रुवारी 1756 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना बोलावून तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. त्या तोफांच्या आगीत आंग्र्यांचं सगळं आरमार बंदरातच जळालं. मराठ्यांनीच मराठ्यांचं आरमार परक्याच्या हातून जाळून घेतलं.

ग्रीकांचा शेवट आठवा. सालामिसला एकत्र लढलेले अथेन्स आणि स्पार्टा पुढं सत्तावीस वर्षं एकमेकांशी लढले. स्पार्टाकडे आरमार नव्हतं, पैसाही नव्हता. तो दिला कुणी? ज्या इराणला दोघांनी मिळून हाकललं होतं, त्यानंच. त्या पैशावर उभ्या राहिलेल्या आरमारानं इसवी सनापूर्वी 405 मध्ये, एगोस्पोटामी इथं, किनाऱ्याला लागलेली अथेन्सची जवळजवळ सगळी जहाजं पकडली. खलाशी जेवणाच्या सोयीला पांगलेले होते. पुढच्या वर्षी अथेन्सनं शरणागती पत्करली, आणि काही दशकांत मॅसिडोनियानं सगळ्यांनाच गुंडाळलं. भावाभावांच्या भांडणात तिसऱ्याचं नाणं आलं, की घर तिसऱ्याचं होतं. जमिनीच्या वाटण्यांत आपण हे गावोगाव पाहिलंय की.

पेडण्याचं तसंच झालं. खेम सावंतांचं लग्न शिंद्यांच्या घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झालं, महादजींच्या वजनानं दिल्लीहून मान मिळाला, आणि कोल्हापूरकरांच्या पोटात दुखलं. त्यांनी वाडीचे किल्ले घ्यायला सुरुवात केली. तेव्हा मदतीसाठी सावंत पोर्तुगीजांकडेच वळले, आणि 1788 साली पेडणे महाल त्यांच्या हाती गेला. डिचोली-सत्तरी त्याआधी काही वर्षं गेलीच होती. पोर्तुगीज यांना ‘नव्या काबिजादी’ म्हणू लागले.

इथं एक गोष्ट मात्र आपल्या पथ्यावर पडली. बारदेश-तिसवाडी-साष्टीत सोळाव्या शतकात देवळं मोडली, माणसं बाटवली, पुढं भाषेवरही बंदी आली. पेडणे-डिचोली गेली तोवर अडीचशे वर्षं उलटली होती, आणि धर्म-रिवाजाला हात लावणार नाही असं पोर्तुगीजांना कबूल करावं लागलं. पेडण्याची भगवती, मोरजीची मोरजाई, डिचोलीची शांतादुर्गा आपापल्या जागी राहिल्या. देवळात मराठी कीर्तनं, आरत्या, नाटकं चालत राहिली. आज मी हे मराठीत लिहितेय आणि डिचोलीची बाई ते अडखळल्याशिवाय वाचतेय, यामागं त्या उशिराचा मोठा वाटा आहे. हरलेल्या गलबतांनी तेवढा वेळ कदाचित मिळवून दिला.

आता बायकांचं. ‘आरमारात बायका कुठल्या?’ असं तुम्ही म्हणाल. सालामिसच्या लढाईत इराणच्या बाजूनं एक बाई पाच जहाजं घेऊन उतरली होती. हालिकार्नाससची राणी आर्टेमिसिया. लढाईच्या आधी बादशहानं सगळ्या सरदारांचा सल्ला घेतला. सगळे म्हणाले, लढा. ही एकटी म्हणाली, समुद्रावर लढू नका, घाई करू नका, ते आपोआप फुटतील. बादशहानं तिचं कौतुक केलं आणि ऐकलं मात्र बाकीच्यांचं. पुढं काय झालं ते सांगितलंच. बाईच्या शहाणपणाचं कौतुक करून ते बाजूला ठेवायची रीत फार जुनी आहे.

वाडीच्या राणी दुर्गाबाईंच्या पदरात तर फुटकं जहाजच आलं. 1812 साली इंग्रजांनी आरमार आवरण्याचा तह करून घेतला आणि वेंगुर्ला बंदर घेतलं. त्याच वर्षी फोंड सावंत गेले आणि कारभार दुर्गाबाईंकडे आला. समुद्र गेलेला, तिजोरी रिकामी, एकीकडे कोल्हापूरकर, दुसरीकडे इंग्रज. तरी त्यांनी गेलेले किल्ले परत घेण्याची धडपड केली. 1819 मध्ये वाडी इंग्रजांच्या छत्राखाली गेली. इतिहासात त्यांना ‘हट्टी’ म्हटलेलं आढळतं. पुरुषानं हेच केलं असतं तर कुठला शब्द वापरला असता?

आणि तिसरी बाई आपल्या हळर्णची. म्हणजे, हळर्ण तिनं कधी पाहिलं नाही. हळर्ण घेतलं म्हणून व्हाइसरॉयला ‘मार्केश द आलोर्ना’ हा किताब मिळाला. आलोर्ना म्हणजे आपलं हळर्ण. पेडण्यातलं एक खेडं लिस्बनच्या सरदारघराण्याचं नाव झालं. त्याची नात लिओनोर 1750 साली जन्मली. तिचं आजोळ ताव्होरा घराण्यात, जुव्याला जखमी झालेल्या त्या व्हाइसरॉयच्या कुळात. पोर्तुगालच्या राजावर गोळी झाडल्याच्या आरोपावरून 1759 मध्ये या आजी-आजोबांना मृत्युदंड झाला. ही आजी नवऱ्याबरोबर गोव्यात राहून गेलेली होती. बाप तुरुंगात गेला, आणि आठ वर्षांच्या लिओनोरला आई-बहिणीबरोबर मठात कोंडलं. अठरा वर्षं! तिथं ती भाषा शिकली, कविता लिहू लागली, आणि पुढं ‘मार्केझा द आलोर्ना’ म्हणून पोर्तुगालची मोठी कवयित्री झाली. ज्या विजयानं घराण्याला नाव दिलं, त्या विजयानं नातीला वाचवलं नाही. वाचवलं ते तिच्या वाचनानं.

हे वाचल्यापासून मला तेरेखोलच्या किल्ल्याकडे बघताना नुसता राग येत नाही. आपली माणसं त्या पाण्यात बुडाली हे खरंच. पण जिंकणाऱ्याच्या घरातही एक लहान पोरगी कोंडली गेली.

डिचोली तालुक्यातच कुडण्याला, नदीकाठी, गुजीर म्हणतात तो जैन मंदिराचा पडका अवशेष आहे, आणि नार्व्याला जैनकोट. नद्यांतून तेव्हा तोफा नव्हे, माल जात होता. होड्या लागत, माणसं उतरत, देऊळ बांधण्याइतकी वस्ती होती. आज चार भिंती आणि झाडांची मुळं. नदी तीच. तिच्यातून व्यापार न्यायचा की लढाई, हे नदी ठरवत नाही.

15 ऑगस्ट 1954 ला आल्फ्रेद आफोंसो यांच्या तुकडीनं तेरेखोलच्या किल्ल्यात शिरून तिरंगा लावला. निःशस्त्र सत्याग्रही होते ते. दुसऱ्या दिवशी पकडले गेले असतील-नसतील, पण किल्ला एक रात्र का होईना हललाच. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘म्हणजे ज्या किल्ल्याला आरमार पुरलं नाही, तिथं नुसती माणसं गेली?’’

‘‘गेली.’’

फेरीबोट धक्क्याला लागली. माशांची पाटी घेतलेली एक म्हातारी आमच्या शेजारी उभी होती. मी विचारलं, ‘‘आजी, रोज येता?’’ ती म्हणाली, ‘‘रोज येता बाये. सून थंय, बाजार हंय.’’ बोट सुटली. पाच मिनिटांत आम्ही ती लढाईची जागा ओलांडली. म्हातारीनं पाटी डोक्यावर घेतली आणि पलीकडच्या चढाला लागली.